बजावणी झाली असं समजावं

आमच्या सरांनी दिवाणी प्रक्रियेवर जाडजूड पुस्तकं लिहिली, पण दिवाणी कोर्टात ते कधी उभे राहिले नव्हते. ही मी चुगली करत नाही. ते स्वतःच वर्गात सांगायचे, आणि अभिमानानं सांगायचे. "प्रॅक्टिसमध्ये पडलं की माणसाची नजर मळते," असं त्यांचं म्हणणं होतं. मी तेव्हा शहरात एलएलएम करत होते, बीडहून गेलेली, इंग्रजीला घाबरणारी. सरांची नजर इतकी स्वच्छ असेल तर तिला बरंच लांबचं दिसत असेल, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

प्रबंधाला मी विषय घेतला समन्सच्या बजावणीचा. कोणी कोणावर दावा लावला की ज्याच्यावर लावला त्याला कोर्टानं कळवायचं असतं, की बाबा, तुझ्यावर असा दावा आहे, अमुक तारखेला ये आणि तुझं म्हणणं मांड. हे कळवण्याचं काम बेलिफ करतो. माणूस सापडलाच नाही तर समन्सची प्रत त्याच्या दाराला चिकटवायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, आणि त्याला कळलं असं धरून पुढं जायचं. न कळलेल्या माणसाविरुद्ध मग एकतर्फी निकाल होतो. एवढ्याशा गोष्टीवर लोकांची घरंदारं जातात, म्हणून मला तो विषय महत्त्वाचा वाटला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या जिल्ह्यात बेलिफांबरोबर फिरले, दारांना चिकटलेले कागद पाहिले, आणि त्यावर एक प्रकरण लिहिलं.

सरांनी ते प्रकरण पेन्सिलनं आडवं खोडलं. "हे वर्तमानपत्राला दे," म्हणाले. "इथं कायदा हवा. इंग्लंडमध्ये बजावणी कशी होते, अमेरिकेत कशी होते, ते टाक."

मी टाकलं. दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलून टाकलं, त्या पुस्तकांनी आणखी कुठून तरी उचललं होतं. इंग्लंडमधल्या दारांबद्दल मी पानंच्या पानं लिहिली. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक त्याच प्रकरणावर खूश झाले. त्यांनी बाकीचा प्रबंध उघडल्याची खूण मला काही दिसली नाही.

मग मी बीडला परतले, सनद घेतली, एका ज्येष्ठ वकिलांकडे बसले आणि पुढं स्वतःचं काम सुरू केलं. बीडच्या कोर्टात आणि तालुक्यांच्या कोर्टांत, जिथं काम निघेल तिथं. वाटणीचे दावे, बांधाचे दावे, विहिरीच्या हिश्श्याचे दावे. सरांची पुस्तकं कपाटात वरच्या खणात होती. ती काढायची वेळ माझ्यावर आली नाही. कोणी अशील म्हणाला नाही की माझ्या केसला तुमच्या सरांचं मत लावा.

एका दिवाळीनंतर सरांचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज तसाच, आधी खाकरणं आणि मग उपकार केल्यासारखं बोलणं.

"अगं, तू अजून बीडलाच का?"

"हो सर."

"वा. मग तू आमच्या उपयोगाची आहेस."

ते आता एका विधी विद्यापीठाच्या अभ्यासगटाचे प्रमुख झाले होते. दिवाणी प्रक्रियेचा मूळ कायदा संसदेचा असला तरी त्यातले रोजच्या कामकाजाचे नियम वरच्या न्यायालयांना आपापल्या भागापुरते बदलता येतात. बदलाचा मसुदा निघतो, लोकांकडून हरकती मागवतात, आणि प्राध्यापक मंडळी त्यावर अहवाल लिहितात. त्या वेळी एक मसुदा चर्चेत होता. समन्स मोबाइलवर पाठवावं, आणि निरोप पोचल्याची खूण आली की बजावणी झाली असं समजावं. अभ्यासगटानं त्यावर ग्रामीण भागाचं मत घ्यायचं ठरवलं होतं. ग्रामीण भाग म्हणून त्यांनी बीड निवडलं. बीड का, असं मी विचारलं तर सर म्हणाले, "मागास आहे ना."

आमच्या बार रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्येष्ठ वकील बसतात. बशीरगंजाच्या बाजूला त्यांचं जुनं घर आहे, भावाचा फळांचा धंदा आहे, आणि निजामाच्या काळातली उर्दू कागदपत्रं वाचायला अख्खा जिल्हा त्यांच्याकडे येतो. मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हे लोक आपलं मत घ्यायला येणार, का त्यांचं मत आपल्या तोंडून वदवायला?"

"मत घ्यायला म्हणतात."

"मग जेवण चांगलं ठेवा. मतापेक्षा ते लक्षात राहील."

सर आले ते दोन सहकारी प्राध्यापकांना घेऊन. एक बाई विमानतळापासून डोकं दुखतंय म्हणत आल्या होत्या, त्या हॉटेलात पोचल्यावरही तेच म्हणत होत्या. दुसऱ्या गृहस्थांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्यांना कोणी ओळख विचारलीच नव्हती, तरी ते दर थोड्या वेळानं ते सरळ करायचे. हॉटेलच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, फलक लावला, आणि आम्हा वकिलांना चर्चेला बोलावलं. चर्चा म्हणजे आधी सरांचं भाषण. ते भाषण मी एलएलएमच्या वर्गात ऐकलेलंच होतं, फक्त मध्ये 'डिजिटल' हा शब्द घातला होता. त्यांना बाकी काहीही बदलायची गरज पडली नव्हती. आमच्या ज्येष्ठांनी पहिल्या रांगेत बसून शांतपणे झोप काढली.

नंतर मला बोलायला सांगितलं. मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढं त्या वाक्याचं मला बरंच ऐकावं लागलं. मी म्हणाले, "आता बहुतेक घरांत मोबाइल आहे, पण तो कोणाच्या हातात असतो, कुठं चार्जिंगला लावलेला असतो आणि ऊसतोडीच्या सीझनमध्ये तो नंबर चालू असतो का, हे पाहिल्याशिवाय निरोप पोचला असं समजणं ही फसवणूक होईल."

डोकं दुखणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांना गावाकडे नेलं. शिरूर कासारच्या पट्ट्यातली अर्धी गावं दिवाळी झाली की रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी साखर कारखान्याला ऊस तोडायला जाते, ती उन्हाळा लागल्यावर परत येते. ज्या गावात नेलं तिथं गल्लीच्या गल्ली कुलपात होती. दारांवर हळदीचे हात होते, ओट्यावर पालथी घातलेली बादली होती, आणि एका दाराला समन्सचा कागद चिकटवलेला होता. वाऱ्यानं त्याचा खालचा कोपरा सुटून फडफडत होता. मी सरांना तो दाखवला.

"सर, हे बघा. हा माणूस आता सांगलीकडे कुठल्या तरी उसाच्या फडात असणार. त्याला कोर्ट म्हणतंय, तुला कळलं."

सरांनी कागद बघितला, दार बघितलं. मग मागं सरून गळ्यात ओळखपत्र असलेल्या गृहस्थांना म्हणाले, "फोटो घ्या. मुखपृष्ठाला चालेल."

त्यांनी फोटो घेतला. कागदावर काय लिहिलंय, कोणत्या दाव्याचं आहे, कधी चिकटवलंय, हे तिघांतल्या एकानंही वाचलं नाही. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "अगदी बोलका फोटो आहे. कागद कालबाह्य झालाय. मोबाइल हाच उपाय." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बाईंना रस्त्याकडेला सीताफळांची रास दिसली. गाडी थांबली. बाई उतरल्या, डोकं दुखायचं राहिलं. त्या गावात जेवढा वेळ आम्ही होतो त्याहून जास्त वेळ तिथं गेला. एकेक सीताफळ हातात घेऊन दाबून बघत होते तिघं, आणि मला विचारत होते, हे पिकलंय ना, हे टिकेल ना. त्या कामात मात्र त्यांची चौकशी पक्की होती.

अहवाल आला तो पुढच्या वर्षी, चकचकीत कागदावर. मुखपृष्ठावर ते कुलूप आणि तो फडफडणारा कागद. आत मला माझं वाक्य सापडलं. 'जिल्ह्यातील एका अनुभवी महिला वकिलांच्या मते, आता बहुतेक घरांत मोबाइल आहे.' तिथं पूर्णविराम दिला होता. माझा 'पण' कुठंच नव्हता. मी सरांना मेल केली, वाक्य पुरं लिहून पाठवलं. उत्तर आलं की दुसऱ्या आवृत्तीत विचार करू. अहवालाची दुसरी आवृत्ती निघते असं मी तरी ऐकलेलं नाही.

मी स्वतः त्या मसुद्यावर हरकत लिहून पाठवली. एका संशोधन पत्रिकेला लेखही पाठवला, बेलिफ, कुलपं आणि मोबाइल यांवर. तो परत आला. ज्यांनी तपासला त्यांचा शेरा होता, 'लेखात सैद्धांतिक चौकट नाही.' मी तो शेरा आमच्या ज्येष्ठांना दाखवला. ते म्हणाले, "चौकट तर होती मॅडम. दाराचीच चौकट होती. अजून कुठली पाहिजे?"

अहवाल यायच्या थोडं आधी, ऊसतोडीवरून लोक परतायला लागले तेव्हा, माझ्याकडे एक बाई आली. पाटोदा आणि शिरूरच्या मधल्या एका गावातली. तिशी-पस्तिशीची, हात फडात काम करून चिरलेले, बोलणं तडक. बरोबर नवरा होता, पण तो दाराशी उभा राहिला आणि सगळं तिनंच सांगितलं.

"मॅडम, आमची मोटर बंद पाडली."

"कुणी?"

"चुलतदिरानं. भिंतीला भिंत हाय त्याची. कारखान्यावरनं आलो, मी मोटर चालू करायला गेले तर खोलीला दुसरंच कुलूप. म्या म्हनलं ह्ये काय? तर म्हनला, हीर माझी हाय, कोर्टानं दिली."

विहीर आणि तिच्याभोवतीचा जमिनीचा तुकडा दोन्ही घरांचा सामाईक होता. चुलतदिरानं तो आपल्या एकट्याचा आहे असा दावा लावला होता, आणि तालुक्याच्या कोर्टातून त्याला एकतर्फी निकाल मिळाला होता. मी कागद काढून आणले. बेलिफाचा शेरा होता, 'घर बंद, प्रत दारास चिकटवली.' त्याशिवाय वादीच्या वकिलानं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं, की समन्सचा फोटो हिच्या नवऱ्याच्या मोबाइलवरही पाठवला. सोबत मोबाइलच्या पडद्याचं चित्र. फोटोखाली दोन निळ्या टिका. म्हणजे निरोप गेला, आणि वाचलाही. आधीचे न्यायाधीश बदलून गेले होते. त्यांनी हे दोन्ही बघून पुढं कामकाज चालवलं होतं.

मी तिला ते चित्र दाखवलं. "हा नंबर तुमचाच?"

"ह्यांचाच हाय."

"मग फोटो उघडलाय. कोणी उघडला?"

ती हसली, पण त्या हसण्यात राग होता. "मॅडम, फडात लाईट आसती व्हय? समद्या टोळीचे फोन मुकादमाच्या ट्रॅक्टरात चार्जिंगला. डायवर त्येच्यावरच पिक्चर बघायचा. आमचं नेट त्योच संपवायचा. रविवारी फोन हातात यायचा, तवा फक्त घरी फोन लावायचा अन् पुन्ना दिऊन टाकायचा. त्या डायवरनंच बघितला आसंल फोटू."

"आणि दारावर कागद होता तो?"

"व्हता की, तुकडा राहिलेला. मला वाटलं पोलिओवाल्यांनी लावला."

नवरा दारातून म्हणाला, "मी तर बघितला बी न्हाई."

आम्ही अर्ज केला, की बजावणी नीट झालेली नाही, एकतर्फी निकाल रद्द करा आणि आमचं म्हणणं ऐका. कायद्यात तशी सोय आहे, आणि ती जुनी आणि साधी आहे. माणसाला खरंच कळलं होतं का, एवढंच त्यात बघायचं असतं.

समोरचा वकील तरुण होता, इस्त्रीचा होता, आणि त्याला बोलायला आवडायचं. अर्जाच्या सुनावणीला तो एक चकचकीत पुस्तक काखेत घेऊन आला. मला मुखपृष्ठ लांबूनच ओळखू आलं. पुढचं मला दिसायला लागलं.

तो उभा राहिला. "साहेब, बजावणीच्या कायद्यावर देशातल्या मान्यवर विद्वानांनी अभ्यास केलेला आहे. त्यांनी याच जिल्ह्यात येऊन पाहणी केली. आणि साहेब, याच जिल्ह्यातल्या एका अनुभवी महिला वकिलांनी त्यांना सांगितलं की आता बहुतेक घरांत मोबाइल आहे. त्यामुळं मोबाइलवरची बजावणी पुरेशी मानावी."

मी उठले. "साहेब, ती महिला वकील मी आहे."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. नवीन न्यायाधीश मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. ते लिहायचे थांबले आणि त्यांनी आधी माझ्याकडे, मग पुस्तकाकडे पाहिलं.

"म्हणजे तुमचं मत तुमच्याच अशिलाच्या विरुद्ध वापरतायत हे?"

"मी पूर्ण वाक्य बोलले होते साहेब. यांच्या विद्वानांना अर्धंच लागलं. पुढं मी 'पण' म्हणाले होते."

"पण काय?"

मी सांगितलं. ट्रॅक्टर, चार्जिंग, सीझन, सगळं. न्यायाधीशांनी समोरच्याला विचारलं, "हा नियम लागू झालाय का?"

"मसुदा आहे साहेब. पण विद्वानांचं मत—"

"मसुद्यावर निकाल देऊ मी?"

तो बसला. पण बसताना त्यानं ते पुस्तक टेबलावर असं ठेवलं की मुखपृष्ठ न्यायाधीशांना दिसावं. फोटो बोलका होता ना.

साक्षी-पुरावा घ्यायचं ठरलं. आमच्या बाजूनं ती बाई पिंजऱ्यात उभी राहिली. ट्रॅक्टरचं सगळं तिनं जसं मला सांगितलं तसंच सांगितलं. समोरच्या वकिलानं तिला विचारलं, "तुमचा फोन दुसऱ्याकडे द्यायचा नाही एवढं तुम्हाला कळत नाही का?" ती म्हणाली, "तुमी या फडात. तुमचा फोन कसा हातात ठिवता बघू." न्यायाधीशांनी तिला फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "त्येच दिलं की साहेब."

मग चुलतदीर आला. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, खिशात मोबाइल आणि डोळ्यांवर गॉगल. गॉगल कोर्टात काढ, असं शिपायाला सांगावं लागलं. गावात पुढाऱ्यांच्या मागं हिंडणारा माणूस. आपल्याला काही माहीत नाही असं म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नसावं. मी ते ताडलं होतं आणि त्याच्यावरच भिस्त ठेवली होती.

मी विचारलं, "तुम्ही आणि हे एकाच गल्लीत राहता?"

"एका गल्लीत काय, भिंतीला भिंत हाय."

"मग हे कारखान्याला कधी जातात ते तुम्हाला माहीत नसेल."

"कावून न्हाई माहीत?" तो एकदम तापला. "गाडी माझ्याच दारातून निघती. समदी गल्ली बघती."

त्याचा वकील उठला. "साहेब, प्रश्न संबंधित नाही." न्यायाधीश म्हणाले, "बसा. संबंधित आहे."

"त्या वर्षी गेले तेव्हाही पाहिलंत?"

"बघितलं की. दिवाळी झाली अन् गेलते. ह्येंची पेटी म्याच वर टाकू लागलतो."

"आणि दावा त्यानंतर लावलात."

आता त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता.

"त्यानंतरच लावलात ना?"

"...व्हय."

"दाव्यात यांचा पत्ता कुठला दिला?"

"गावातला."

"त्या वेळी त्या घरात कोण होतं?"

"कोन आसनार? कुलूप."

न्यायाधीशांनी 'कुलूप' हा शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घेतला. मी पुढं काही विचारलं नाही. बजावणीवर लिहिलेली सगळी पुस्तकं एका बाजूला आणि या माणसाचा तोरा एका बाजूला. माझ्या अशिलाच्या उपयोगी पडला तो तोरा.

निकाल आमच्या बाजूनं झाला. एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला. प्रतिवादी कुठं आहेत हे वादीला पक्कं माहीत असताना त्यानं बंद घराचा पत्ता दिला, मोबाइलवरचा निरोप दुसऱ्याच कोणी पाहिल्याचं नाकारता येत नाही, आणि ज्याचा नियम झालेला नाही त्याचा आधार घेता येत नाही, असं आदेशात होतं. अहवालाबद्दल एकच ओळ होती. 'सदर अहवाल विचारात घेता येणार नाही.' दावा पहिल्यापासून चालणार होता, आणि तोवर मोटरीच्या खोलीचं कुलूप काढायचा आदेश झाला. बाई बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, पाणी सोडायचं हाय." मला हात जोडून दोघं निघून गेले. त्यांना आदेशाची भाषा वाचण्यात रस नव्हता, आणि मला ते फार आवडलं.

चार दिवस झाले असतील, सरांचा फोन.

"अभिनंदन! आपल्या अहवालाची न्यायालयानं दखल घेतली म्हणे!"

मला आधी कळेचना. मग कळलं, समोरचा तो तरुण वकील सरांच्याच विद्यापीठाचा ऑनलाइन डिप्लोमा करत होता, त्यानं मोठ्या आनंदानं कळवलं होतं.

"सर, दखल घेतली नाही. विचारात घेता येणार नाही असं लिहिलंय."

"अगं, नाकारायला आधी वाचावं लागतं. म्हणजे विचार झालाच ना? तू मला त्या आदेशाची नक्कल पाठव. आम्हाला प्रभाव दाखवावा लागतो. पुढच्या प्रकल्पाला उपयोग होतो."

"सर, तो अहवाल माझ्या अशिलाविरुद्ध वापरला. माझं अर्धं वाक्य वापरलं. ती बाई हरली असती."

सर खाकरले. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील.

"हो, पण हरली नाही ना," ते म्हणाले. "व्यवस्था किती लवचीक आहे बघ. त्यावर एक छान टिपण होईल. तू सहलेखक म्हणून येतेस का?"

मी नाही म्हणाले. का नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगून काही उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. ज्या माणसानं अख्खं गाव कुलपात बघितलं आणि त्यात त्याला मुखपृष्ठ सापडलं, त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता. आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावर होता, तो त्यांनी तिथून घेतला. त्यांच्या पुढच्या लेखात एक तळटीप आली, की हा अहवाल महाराष्ट्रातल्या एका न्यायालयासमोर विचारार्थ आला होता. नाकारला हे त्यात नव्हतं. माझं वाक्य तोडलं तसंच त्यांनी ते वाक्यही तोडलं, आणि मला त्याचं आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

तो तळटिपेचा लेख हल्ली इतर लेखांत उद्धृत होतो. मी मुद्दाम शोधून बघते, आणि चिडत नाही, हसते. एका लेखकानं तर आमचा जिल्हा विदर्भात नेऊन ठेवलाय. ही सगळी मंडळी एकमेकांची पुस्तकं वाचतात, एकमेकांना भाषणांना बोलावतात, शाली घालतात, आणि दिवाणी न्याय सुधारला म्हणून घरी जातात. मसुद्याचं पुढं काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या हरकतीला उत्तर आलं नाही.

विहिरीचा दावा मात्र चालला, आमच्याकडे दावे चालतात तसा. तारखा पडल्या. सीझन आला, जोडी कारखान्याला गेली. या वेळी माझं वकीलपत्र दाखल होतं, त्यामुळं कोणी दाराला काही चिकटवलं नाही. ते परत आले तोवर चुलतदिराचा तोरा बराच उतरला होता. गावात लोकांनी त्याला त्या 'कुलूप'वरून सळो की पळो केलं असावं. एका तारखेला तो स्वतःच माझ्याकडे आला, गॉगल हातात धरून.

"मॅडम, आपसात मिटवून घिऊ म्हनतो."

"काय द्याल?"

"हीर सामाईक. पाणी पाळीपाळीनं. एक दिस त्येंचं, एक दिस माझं."

"हे तर आधीही असंच होतं."

"व्हय," तो म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

मी बाईला विचारलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली. तरी ती चटकन हो म्हणाली नाही. वीज ज्या रात्री येते ती पाळी कोणाची, मोटर जळली तर कोणी भरायची, चावी कोणाकडे राहायची, हे सगळं तिनं एकेक करून विचारलं आणि कागदावर घालून घेतलं. चाव्या दोन करायच्या ठरल्या. तडजोडीवर तिनं सही केली, त्यानं केली, न्यायाधीशांनी दोघांना विचारून खात्री करून घेतली आणि दावा निकाली निघाला.

बाहेर ऊन उतरलं होतं. त्यांच्या गावाला जायला संध्याकाळची एकच जीप होती. ती भरत आली होती. चुलतदीर पुढं ड्रायव्हरशेजारी बसला, नवरा मागच्या पायरीला लटकला, आणि ती बायकांत जागा करून बसली. जीप निघताना ती चुलतदिराला मागून ओरडून सांगत होती, की उद्याची पाळी आमची, लक्षात हाय ना.